भोपळ्यांची बंडी

“तुझी टेप खोटं बोलायला लागली, वशा,” दुंडाप्पा म्हणाला. “धन्यावर गेली.”

मी टेप पुन्हा त्याच्या पोटावरून फिरवली. एरवी हे माप घ्यायचं म्हणजे मला त्याच्याभोवती अख्खी प्रदक्षिणा घालावी लागायची, आणि वाटेत दम खायला खुर्ची. त्या दिवशी मी जागचा न हलता दोन्ही टोकं बेंबीवर जुळवली आणि वर टेप लोंबत राहिली.

“टेप नाही, तूच खोटं बोलतोयस,” मी म्हटलं. “वहिनींच्या कारल्यानं हे होत नाही. रात्री रंधा मारून घेतोस काय?”

तो हसला. हसला की त्याचं पोट नंतर बराच वेळ हसत राहायचं. त्या दिवशी पोट हललंच नाही. नुसती कातडी थरथरली, वाऱ्यावर टांगलेल्या धोतरासारखी.

आमचं कुडोली गाव कृष्णेकाठी. घाटाच्या वरच्या पायरीला लागून माझं शिलाईचं दुकान, आणि दुकानासमोर दुंडाप्पा चौगुल्याची गुळाची अडत. गूळ तोलायच्या काट्यावर पोरं त्याला गंमतीनं बसवायची आणि दुसऱ्या पारड्यात ढेपा चढवायची. चार ढेपा चढल्या तरी त्याचं पारडं जमीन सोडत नसे. त्याच्या एका बंडीच्या कापडात शाळेच्या लेझीम पथकाचे सदरे निघाले असते. तो डोहात उतरला की नदी वीतभर चढायची आणि पलीकडच्या तीरावर धुणं धुणाऱ्या बायका ओल्या लुगड्यांनी त्याच्या नावानं बोटं मोडायच्या.

माझ्या बोलण्यातलं किती धरायचं हे गावाला पाठ आहे. वीतभर म्हटलं तिथं तुम्ही दोन बोटं धरा. पण तो तरंगायचा ते खरं. उताणा पडायचा, दोन्ही हात डोक्याखाली घ्यायचा, आणि पोटावर कपबशी ठेवून चहा प्यायचा. चहाचा थेंब सांडत नसे. माघाच्या थंडीत बाकीचे दातखिळी बसून बाहेर पळायचे, आणि हा तासभर आत. “आमची गोधडी आतनं शिवलीया,” म्हणायचा.

गावातली पोरं पाठीला वाळके दुधी भोपळे बांधून पोहायला शिकायची. भोपळा आत पोकळ, तो पोराला वर धरतो. दुंडाप्पा घाटावर आला की पोरांच्या पाठीचे भोपळे सोडायचा आणि लांब नदीत भिरकावायचा. “चौगुल्याच्या घाटावर भोपळ्याला काय काम रं? मी हाय की!” मग त्या पोराला स्वतःच्या पोटावर घेऊन डोहाच्या मधोमध न्यायचा. अर्धं गाव त्याच्या पोटावर पोहायला शिकलं.

आणि घाटाचा गणपतीही त्याच्याच पोटावरून जायचा. हा रिवाज त्याच्या आजापासूनचा. कुठल्याशा वर्षी ऐन विसर्जनाला होडी फुटली, तेव्हा त्याचा आजा, तोही असाच अगडबंब, पाण्यावर उताणा झाला आणि म्हणाला, ठेवा माझ्यावर. तेव्हापासून अनंत चतुर्दशीला चौगुल्यांचा सगळ्यात जाड माणूस उघड्या अंगानं डोहात उताणा व्हायचा, पोटावर पाट, पाटावर हातभर उंचीची शाडूची मूर्ती. तसाच तो मधोमध जायचा आणि हलकेच कुशीवर वळायचा. पाट परत आणायला बरोबर एक पोहणारा लागे. दुंडाप्पाच्या बापाबरोबर माझा बाप पोहायचा. दुंडाप्पाबरोबर मी.

त्या वर्षी चैत्रात अडतीच्या तीन पायऱ्या चढून दुंडाप्पा मटकन खाली बसला. घाम, धाप, ओठ काळेनिळे. डॉक्टर शिराळकरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि शांतावहिनींना समोर बसवून बजावलं.

“कातडीखालची चरबी असू दे. ती ऊब देते, पडलं झडलं तर सांभाळते. पण यांच्या पोटाच्या आत, आतड्यांवर, यकृतावर जी बसलीय, ती काळजाचा गळा धरणार. रक्तातली साखर बिघडवणार. कमी करा यांना. हळूहळू.”

“मला बी आवडंल की,” दुंडाप्पा म्हणाला. “पण मग गणपती कशावर न्यायचा? तुमच्या ब्यागेवर?”

“दुंडाप्पा, चरबी पाण्यावर तरंगते हे खरं. पण माणूस बराचसा वेळ जमिनीवर असतो.”

शांतावहिनी काटकीसारखी बाई. दुंडाप्पाच्या शेजारी उभी राहिली की पिंपळाला टेकवलेली काठी वाटायची. दोन्ही मुली सासरी गेलेल्या, घरात ही दोघंच. तिनं ते बोलणं पदरात बांधलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मेथीचं पाणी, दुपारी अर्धी भाकरी, कारलं, ताक. गुळाचा खडा घरातून हद्दपार. बरोबरीनं स्वतःही तेवढंच जेवायला लागली. “त्यांच्यासमोर बसून मी कशी खाऊ, भावजी?” मला म्हणाली.

आणि दुंडाप्पा उतरायला लागला. ज्येष्ठात सदरे ढगळ झाले, आषाढात धोतराचा कासोटा दोनदा वळायला लागला. ज्याला त्याला त्याचं कौतुक. देवळात बायका शांतावहिनींना कारल्याची कृती विचारायच्या. ती सांगायची आणि लाजायची. तिला कुणी कौतुकानं काही विचारल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ती ‘दुंडाप्पाची बायको’ होती. त्या वर्षी पहिल्यांदा दुंडाप्पा ‘शांताक्काचा नवरा’ झाला.

सगळेच काही खूश नव्हते. घाटाच्या मंडळाचे अध्यक्ष बळवंतराव खोत एकदा माझ्या दुकानाच्या फळीवर बसले होते. वहिनी समोरून कळशी घेऊन चाललेली.

“शांताक्का,” खोतांनी हाळी दिली, “देवाची होडी कातून काढलीत की हो! चतुर्दशीला बुडाली तर जाब कुणी द्यायचा?”

“मग तुमच्या पोटावरनं न्या की, बळवंतराव,” वहिनी न थांबता म्हणाली. “ते तरी कुठं कमी हाय?”

आम्ही हसलो. खोत हसले नाहीत. “तीन पिढ्यांचा रिवाज आहे,” ते मला म्हणाले. “एका बाईच्या हौसेपायी बुडाला, तर गाव विसरायचं नाही.”

टेपेचा प्रकार झाला तो श्रावणात. माप घेऊन झालं तसा दुंडाप्पानं दुकानाचा पडदा ओढला, सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि जिलबी खायला लागला. हे आमचं रोजचं होतं. पथ्य घरी, माझ्या पडद्याआड जिलबी, भजी, आणि अडतीवर दुपारी दोन माणसांचं जेवण, वर वाटीभर काकवी. त्याची भूकच तशी पेटली होती. माझी नात आता डॉक्टरकी शिकते. ती सांगते, चरबी अंगात नुसती पडून नसते, ती मेंदूकडे निरोप धाडते: घरात भरपूर आहे, जेवण आवर. चरबी आटली की निरोप थांबतो आणि मेंदू भेदरून भूक पेटवतो. तेव्हा आम्हाला हे कुठलं ठाऊक? आम्हाला वाटायचं, वहिनीची कारली एवढी जालीम, की जिलबीलाही पुरून उरतात.

त्या दिवशी मात्र त्यानं एक वेढा खाल्ला आणि पुडी माझ्याकडे सरकवली.

“का रे?”

“नको वाटतंय. आठ-दहा दिस झालं. अन्नाकडं बघवत न्हाई.” मग उठता उठता म्हणाला, “जरा डोहावर चल. एक गंमत दाखवतो.”

दुपारची वेळ. घाट रिकामा. तो छातीभर पाण्यात गेला आणि नेहमीसारखा उताणा झाला. क्षणभर राहिला. मग त्याचे पाय खाली गेले. मग कंबर. मग तोंडात पाणी जाऊन तो ठसकत उभा राहिला.

“सोंग पुरे,” मी पायरीवरून म्हटलं.

तो पुन्हा उताणा झाला. पुन्हा पाय, पुन्हा कंबर. तिसऱ्यांदा त्यानं छाती फुगवून श्वास कोंडून धरला, तेव्हा तोंड तेवढं वर राहिलं, आणि श्वास सोडताच तेही गेलं. बाहेर आला तेव्हा श्रावणातल्या ऊनपाण्यात त्याचे दात वाजत होते. दुंडाप्पाचे दात वाजलेले मी तोवर ऐकले नव्हते.

“गंमत हाय का न्हाई?” तो म्हणाला.

मी त्याला तसाच ओल्या धोतरानिशी शिराळकरांकडे नेला. त्यांनी त्याच्या पापण्या खाली ओढून डोळ्यांतला पांढरा भाग पाहिला. पोट बराच वेळ दाबत राहिले. पाठीत दुखतं का विचारलं. “दुखतं,” तो म्हणाला. “ढेपा उचलून.” डॉक्टर म्हणाले, “गेली दहा वर्षं तुम्ही ढेप उचललेली मी पाहिली नाही. खाताय काय?”

“आमची घालती तेवढंच. अर्धी भाकरी, कारलं...”

“खरं सांगा.”

दुंडाप्पानं माझ्याकडे पाहिलं. मी जिलबीपासून काकवीपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टर हसतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“कधीपासून?”

“पहिल्या दिसापासनं,” दुंडाप्पा म्हणाला. “पथ्य म्हणाल तर एक दिस न्हाई पाळलं.”

“तुमच्या घरी धान्याची कणगी आहे ना? चरबी म्हणजे अंगातली कणगी. सुगीत भरायची, टंचाईत काढून खायची. पथ्य केलं की ती सावकाश उतरते. तुम्ही वरून पोत्यानं ओतताय, आणि तरी ती रिकामी होत चाललीय. म्हणजे खाली कुठंतरी...”

“घूस लागलीया,” दुंडाप्पा म्हणाला.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

मोठ्या इस्पितळात नेलं. वहिनीला सांगितलं, कोल्हापूरच्या बाजारात सौदा आहे. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते शिराळकरांनी आधीच ताडलं होतं. पोटाच्या पाठीमागे एक ग्रंथी असते, साखरेचा आणि पचनाचा कारभार बघणारी. गाठ तिच्यात होती आणि पसरली होती. आता ती गाठच त्याला आतून जेवत होती. आधी चरबी, मग मांस. दिवाळीचं काही सांगता येत नाही, म्हणाले.

परतीच्या एसटीत दुंडाप्पा खिडकीशी बसला होता. पूर्वी त्याला दोन माणसांची जागा लागायची आणि तिसरा कंडक्टरशी भांडायचा. त्या दिवशी आमच्या बाकावर एक म्हातारी सहज येऊन बसली.

“वहिनीला कधी सांगायचं?” मी विचारलं.

“सांगायचं न्हाई.”

“अरे, पण...”

“ऐकून घे. जन्मभर बाई माझ्या पोटाला भ्यायली. मी रात्री घोरायचा थांबलो की उठून नाकाशी हात धरायची. आता सकाळी मी धोतर नेसताना बघत असती. कासोटा आणखी एक वळसा फिरला की कशी हसती म्हाईत हाय? पोरीगत. तिला वाटतंय तिनं मला मरणातनं वडून काढलं. आणि मी काय सांगू? की बाई, तू जे बघून हसत हुतीस, ते माझं मरण हुतं?”

म्हातारीनं आमच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“आणि गणपती?” मी हळूच विचारलं.

“तीच तर कळ हाय. मी बुडालो तर खोत तिलाच धरणार. नवऱ्याला वाळवला आणि रिवाज बुडवला. मी गेल्यावर बी म्हणत ऱ्हाणार, आणि ती एकटी ऐकत ऱ्हाणार. एकदा, वशा. ह्या एका चतुर्दशीला मला तरंगायला पायजे. मग खुशाल बुडतो.”

गाव जवळ आलं तेव्हा तो पुन्हा बोलला. आवाज एकदम पडलेला.

“भोपळे गावतील का रं कुठं?”

नदीच्या वरच्या अंगाला एका माळ्याकडे वाळके दुधी मिळाले. पोरांसाठी म्हणून आणले. मी लहान लहान निवडले आणि एका जाड मांजरपाटाच्या बंडीला आतून दुहेरी अस्तर लावून त्यात बसवले. पाठीशी, दोन्ही बरगड्यांखाली, कमरेला. उताणं झालं की सगळे पाण्याखाली, वरून नुसती बंडी दिसावी. बाकीच्या गोष्टींत मी काहीही ठोकून देतो, पण शिलाईचं सांगतो: असला कपडा मी आधी शिवला नव्हता. मशीन पोकळ फुगवट्यावर चालत नव्हतं. टाके लांब पडत होते.

वरच्या वळणावर पहाटे जाऊन आम्ही बंडी पारखली. दुंडाप्पा उताणा झाला आणि तरंगला. त्याच्या तोंडावर जे आलं ते बघून मी पाण्यातच टाळी वाजवली. तेवढ्यात कमरेची शिवण टरकन गेली. एक भोपळा सुटून वर उसळला आणि प्रवाहाबरोबर निघाला. दुंडाप्पा कुशीवर कलंडला. मी त्याला धरून काठाला आणला. हाताला लागलं ते सगळं हाडच होतं.

“त्या भोपळ्यानं सूड घेतला,” तो धापा टाकत म्हणाला. “लई फेकलं हुतं त्यांस्नी.”

मी नवा भोपळा घालून शिवण पुन्हा घातली. तरी भरवसा वाटेना. पोटावर पाट, पाटावर ओल्या मातीचा देव. एवढं ओझं ती शिवण धरील असं मी स्वतःलाही छातीठोकपणे सांगू शकलो नसतो. पण चतुर्दशी तोंडावर आली होती. बंडी त्यानं अडतीच्या गुदामात गुळाच्या ढेपांमागं लपवली.

चतुर्दशीच्या दिवशी घाटावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. पाऊस त्या वर्षी लवकर आवरला होता, डोह परातीतल्या पाण्यासारखा निवांत. गणपती नेणाऱ्याला त्याच्या घरी तेल-हळद लावायची पद्धत होती. बोटभर लावली तरी पुरे. वहिनीनं त्या वर्षी हळद माखली होती. कपाळ, गाल, मान, हात, तळपाय, नुसता पिवळाधमक. वर खांद्यावरून घोंगडी गुंडाळलेली.

“लगीन हाय का काय, दुंडाप्पा?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“हाय की!” तो म्हणाला. “नवरी बदलायची परवानगी न्हाई मिळाली.”

लोक हसले. मी पाण्यात कंबरभर उभा होतो. तो पायऱ्या उतरत होता, एकेका पायरीवर थांबत. शेवटच्या पायरीवर घोंगडी काढली आणि खालची बंडी दिसली, तशी घाटावर कुजबूज झाली. खोत पुढं आले.

“बंडी उतरवा, दुंडाप्पा. उघड्या अंगानं न्यायचा रिवाज आहे.”

 आम्ही याला उत्तर ठरवलं होतं: खोकला झालाय म्हणायचं. दुंडाप्पानं खोकण्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात वरच्या पायरीवरून वहिनीचा आवाज आला. सगळ्या घाटाला ऐकू जाईल असा.

“अवो, ती काढू नका! अंगावर चरबी न्हाई आता, गारठा भरंल!”

“शांताक्का, देवाच्या कामात...” खोत म्हणाले.

“देवाला काय लाज वाटतीया बंडीची, बळवंतराव? तो सोता पितांबर नेसून बसलाय. माझा नवरा मी मोठ्या कष्टानं वाटंवर आणलाय. त्याला न्यूमोनिया झाला तर तुम्ही निस्तरणार हाय का?”

बायका फिसकन हसल्या. डॉक्टर शिराळकर गर्दीतच होते, ते खाली मान घालून म्हणाले, “बंडी असू द्या. मीच सांगतोय.” खोत मागे सरले. दुंडाप्पानं माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. बायकोच्या भोळेपणावर एवढा खूश झालेला नवरा मी परत पाहिला नाही.

तो उताणा झाला. बुडाला नाही. पाट ठेवला. मूर्ती ठेवली. पाणी त्याच्या कानांशी आलं, गालांशी आलं आणि तिथंच थांबलं. घाटावरून असा गजर उठला की पिंपळावरचे बगळे उडाले. मी एका हातानं पोहत होतो आणि दुसरा हात पाण्याखाली त्याच्या कमरेच्या शिवणीवर ठेवला होता. आता जाईल, आता जाईल. भोपळे वर रेटत होते, ओझं खाली रेटत होतं, आणि कापड मध्ये ताणून टणक झालं होतं. पण टाका हलला नाही. मला माझ्याच हाताचं नवल वाटलं.

“ती बघतीया का?” डोळे मिटूनच त्यानं विचारलं.

मी वळून पाहिलं. वहिनी सगळ्यांच्या पुढं, पाण्यालगतच्या पायरीवर उभी होती. दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले.

“बघतेय.”

“हसतीया?”

एवढ्या लांबून मला तिचा चेहरा दिसत नव्हता. “हसतेय,” मी म्हटलं.

मधोमध जाऊन तो कुशीवर वळला. देव पाण्यात गेला, थोडा वेळ पाणी गढूळ झालं आणि निवळलं. मी पाट धरला. “चल,” मी म्हटलं. तो पुन्हा उताणा होऊन पडून राहिला.

“जरा थांब की. हितं पाठ दुखत न्हाई. काठाला गेलो की परत सगळं वजन अंगावर येतं.”

“कुठलं वजन? दोन ढेपांचा राहिला नाहीस.”

“तेच तर. चार ढेपांचा हुतो तवा कधी जाणवलं न्हाई बघ.”

आम्ही तसेच राहिलो. काठावर लोक आरती म्हणत होते. त्याच्या अंगाची हळद पाण्यात सुटून भोवती पसरत होती. धुतलेल्या जागी खालची कातडी दिसायला लागली, आणि तीही तितकीच पिवळी होती.

दुंडाप्पानं दिवाळी पाहिली नाही. शेवटी शेवटी तो गादीवर पडला तरी हाडं रुतायची. अंगात मऊ असं काही उरलंच नव्हतं. वहिनी त्याच्या टाचांखाली, ढुंगणाखाली कापसाच्या उशा सारायची. शेवटपर्यंत तो मला खुणा करायचा: बोलू नको. आणि शेवटपर्यंत ती त्याला म्हणायची, “अशक्तपणा हाय नुसता. लई लवकर वाळवलं मी तुम्हाला. आता जरा भरवते.” आणि चमच्यानं काकवी चाटवायची. तो समाधानानं डोळे मिटायचा.

मार्गशीर्षात एका दुपारी ती दुकानात आली. हातात गाठोडं. फळीवर बसली, आणि गाठोडं सोडून बंडी माझ्यासमोर ठेवली.

“एवढी उसवून द्या, भावजी. भोपळे पोरांना देऊन टाकते. उन्हाळ्यात पोहायला शिकतील. आता पोटावर घेणारं कुणी न्हाई.”

 बंडी तिला कुठून मिळाली, तिला कधी कळलं, काय सांगावं, काय नाही. मी मान खाली घालून कात्री घेतली. माझी मशीनची टीप होती, लांब लांब टाक्यांची. तिच्यात कात्रीचं टोक घातलं, ओढलं, आणि सगळी शिवण एका झटक्यात सुटली.

अस्तर मात्र सुटलं नाही.

मी बंडी उलटी केली. माझ्या टिपेच्या आत, बोटभर अंतरावर, दुसरी शिवण होती. हातानं घातलेली. काळा दुहेरी दोरा, मेण लावून ओढलेला, मोहरीएवढा बारीक टाका, आणि प्रत्येक टाक्याला मागं फिरून गाठ. सगळ्या भोपळ्यांभोवती.

“हे...”

“तुमच्या शिवणीचा पाण्यात काय भरवसा?” ती म्हणाली.

“वहिनी, म्हणजे तुम्हाला...”

“गुदाम कोण झाडतंय, भावजी? आणि तुमच्या पडद्यामागनं येताना त्यांच्या मिशांना पाक लागलेला असायचा. रोज. एवढं खाऊन जो माणूस वाळतो, त्याच्या बायकोला डॉक्टर लागतो होय सांगायला?” ती रस्त्याकडे बघत होती. “डोळे पिवळे झाले तवा काय ते समजलं.”

“मग बोलला का नाहीत त्यांना?”

“काय बोलू? त्यांना वाटत हुतं मी आनंदात हाय. त्याच्यावरच तर तरंगत हुते.”

समोर अडतीचं दार बंद होतं. गुळाचा काटा आत ठेवला होता, तो टांगायचा नुसता खिळा दिसत होता.

मी पुन्हा कात्री घेतली. काळ्या दोऱ्याखाली टोक जाईना. पातं घेतलं, तेही घसरलं. एक टाका तुटला तर त्याच्या मागचा धरून राहिला. ती शांतपणे माझ्या हातांकडे बघत बसली होती. बऱ्याच वेळानं मी कात्री खाली ठेवली.